वराळ्यात चोळी, लोणावळ्यात पोलकं

वैशाख शुद्ध अष्टमी. साल बत्तीस की तेहतीस ते आता नक्की सांगता येणार नाही, पण तिथी पक्की आहे, कारण दशमीला लग्नाचा मुहूर्त होता आणि त्याच्या आदल्या दिवशी मी नवरीच्या गावी, वराळ्याला जाऊन आले. अष्टमीच्या दुपारी मी काजं करत बसले होते. पोलकं शिवायला मला कधी कंटाळा आला नाही. मशीन पळतं, त्याच्याबरोबर माणूसही पळतं. पण काजं हातानं करायची. बटणापुरतं कापड चिरायचं आणि त्याच्या कडेनं टाका टाक्याला चिकटवून फिरायचं. एक काज वाकडं गेलं की बटण जन्मभर रुसलेलं दिसतं. पाऊस तोंडावर आला की आमच्या लोणावळ्यात बायकांना लांब बाह्यांची पोलकी आठवतात, आणि मग सगळ्यांना ती एकाच आठवड्यात हवी असतात.

अशा ऐन गर्दीत वराळ्याची आक्का दारात उभी राहिली. पाठीमागं तिची मुलगी. आक्का म्हणजे आमची तांदळाची बाई. दर वर्षी नवा आंबेमोहोर झाला की डोक्यावर तांदळाची गोणी घेऊन गाडीनं यायची आणि बाजारपेठेतल्या चार घरांना पुरवायची. तिच्या या मुलीचं लग्न आमच्याच गावात, रेल्वेच्या शेडात फिटर असलेल्या मुलाशी ठरलं होतं. मुलाला आई नव्हती. घर त्याची आत्या चालवायची. शेडाच्या चाळीत राहणारी, बोलायला फटकळ बाई. तीही माझ्याकडेच कपडे शिवायची.

आक्कानं बोचकं खाली ठेवलं, पाणीही घेतलं नाही, आणि म्हणाली, "वैनी, तुमी शहरातल्या. मला एकच सांगा. लगीन मोडायचं आसंल तर शहरात सरळ सांगत न्हाईत का?"

"कुणी मोडलं?"

"मोडलं न्हाई आजून. पर निरोप धाडलाय. नवरीला चोळी नको, पोलकं घाला. घरात पाऊल टाकंल ते पोलक्यातच टाकंल."

मला त्यात मोडण्यासारखं काही दिसेना. मी म्हटलं, "मग? शिवून देते की."

आक्का माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी त्या निरोपात सामील आहे. "पोलकं? माझी पोर न्हातीधुती हाय वैनी! तिला पोलकं?"

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर आजकालच्या वाचणारणीला यात रागावण्यासारखं काय होतं ते कळणार नाही. लोणावळ्यात, रेल्वेच्या चाळीत आणि बाजारपेठेत, पोलकं म्हणजे बाईचा कपडा. कमरेपर्यंत उंची, कोपरापर्यंत किंवा त्याखाली बाही, पुढून बटणं. पण तिथून चार स्टेशनं खाली उतरलं की पोलकं म्हणजे पोरीचा कपडा. परकर-पोलकं. नाक पुसायचं वय असतं तेव्हाचं. मुलगी शहाणी झाली की परकर सुटतो, लुगडं येतं, आणि पोलकं जाऊन चोळी येते. पुढं गाठ मारायची, आखूड, अंगाबरोबर बसणारी. आक्काच्या हिशोबानं निरोपाचा अर्थ सरळ होता. तुमची मुलगी अजून पोर आहे.

"आन् त्यो मुलींच्या वयाचा नवा कायदा हाय न्हवं," आक्का म्हणाली. "उद्या म्हनतील, पोर ल्हान हाय, आमाला कोर्टात वडतील, आमी लगीन करत न्हाई. कारन पायजे त्यास्नी. पंधरा सरून गेली तिला! सगळ्या गावाला ठावं हाय. ह्या मांडवातनं ती तशीच उठली, तर मग तिला कोन करनार?"

मुलगी भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. जमीन नुकतीच सारवलेली होती, म्हणून मी तिला बस म्हटलं.

दुसरी अडचण बोचक्यात होती. आक्कानं ते सोडलं. आत एक खण निघाला, हिरवा, लाल काठाचा, चांगला घट्ट विणीचा. आक्काचा भाऊ जवळच्याच उर्शाला राहायचा. त्यानं भाचीसाठी तळेगावच्या बाजारातून तो स्वतः निवडून आणला होता. मामाची चोळी. ती अंगात घालूनच मुलगी बोहल्यावर चढणार, तीच घालून सासरचं माप ओलांडणार. आणि मामाला पोलक्याचा निरोप कळला तेव्हा तो म्हणाला होता, माझी चोळी नको असेल तर मीही नको. भाचीच्या पाठीमागं उभं राहायला दुसरा मामा भाड्यानं आणा.

आमचे हे तेवढ्यात पार्सल ऑफिसातून जेवायला आले होते. जेवून खाटेवर वर्तमानपत्र घेऊन पडले होते. त्यांना वाटलं आपणही काही मदत करावी. पेपर बाजूला न करताच म्हणाले, "पोलका हा मूळ आपला शब्दच नव्हे. तो एक विलायती नाच आहे. त्या नाचात बायका जे आखूड जाकीट घालत त्याला पोलका म्हणायला लागले. मडमांनी ते इकडे आणलं, शिंप्यांनी उचललं."

आक्कानं पदर तोंडाला लावला. "म्हंजी नाचणारनीचं कापड?"

"तसं नाही हो," हे म्हणाले, "तिकडे घरंदाज बायकाही नाचतात."

"अहो," मी म्हटलं, "पानाचा डबा आत आहे. आत जाऊन खा."

ते गेले. पण बोललेलं काही आत गेलं नाही. आता आक्काच्या डोक्यात दोन पोलकी झाली, एक पोरीचं आणि एक नाचीचं, आणि दोन्ही तिच्या मुलीच्या अंगावर.

यांनी सांगितलं ते खरं होतं, हे मला पुढं पुण्यात मुलींच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनंही सांगितलं. पण मला स्वतःला त्यातली वेगळीच गोष्ट गमतीची वाटते. परका शब्द आपला कधी झाला हे ओळखायची माझी एक खूण आहे. त्याचं लिंग ठरलं की तो आपला. ते पोलकं, ती पोलकी, पोलक्याचं, पोलक्याला. त्या नाचाचा मागमूस राहिला नाही, थेट लुगड्याच्या शेजारी जाऊन बसलं. त्याच्यानंतर झंपर आलं. काही जणी तो झंपर म्हणायच्या, काही जणी ते झंपर. भांडण मिटलंच नाही, म्हणून झंपर पाहुण्यासारखं आलं आणि गेलं. आता मुली ब्लाऊज म्हणतात आणि त्याचंही अजून तो की ते ठरायचं आहे. शिवणारणीला विचाराल तर सगळ्यांना बगल तीच आणि घामही तोच.

चोळीचं मात्र तसं नाही. ती इतकी जुनी आहे की तिच्यावरून दुसऱ्या गोष्टींना नावं पडली. भाऊ बहिणीला काहीही देवो, म्हणायचं चोळी दिली. जुन्या काळी मुलीला गाव आंदण द्यायचे तेसुद्धा चोळी-बांगडीसाठी. गाव कितीही मोठं असो, नाव चोळीचं. ओटी भरायची तर खणाची, आणि खण म्हणजे एका चोळीपुरतंच विणलेलं कापड. पोलक्यानं कुणाची ओटी भरल्याचं मी ऐकलं नाही. पोलकं विकत घेतात, चोळी येते. माहेराहून, भावाकडून, मामाकडून. उर्शाच्या मामाला राग आला तो कापडाचा नव्हता. पोलकं म्हटलं की त्याच्यासाठी जागाच उरत नव्हती.

हे सगळं मला त्या दुपारी इतकं सुचलं होतं असं नाही. त्या दुपारी मला एवढंच सुचलं की निरोप ज्या बाईनं धाडला ती हाकेच्या अंतरावर राहते, आणि आपण घरात बसून तिच्या मनातलं ओळखत बसण्यात अर्थ नाही. मी सुई पोलक्याला टोचून ठेवली आणि आक्काला म्हटलं, चला.

"मी न्हाई जायची त्यांच्या दारात. मुलीकडची मी."

"मग मी जाते आणि तुम्ही माझ्याबरोबर आहात."

मुलीला घरी ठेवावी म्हणून मी वळले तर ती आधीच दारात चपला घालत होती. लग्नाआधी सासरचं दार बघायचं नसतं वगैरे आक्का म्हणाली. मुलगी म्हणाली, "मी चाळीच्या नळापाशी हुबी ऱ्हाते." ती काही नळापाशी राहिली नाही. आम्ही आत गेलो आणि ती दाराच्या चौकटीला लागून उभी राहिली, म्हणजे बाहेरही आणि आतही.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. नवरा मुलगा पाळीवरून आलेला, हाताचं काळं तेल राखेनं घासत मोरीत बसला होता. आम्हाला बघून त्याला उठावं की बसावं कळेना. तो तसाच बसून राहिला आणि त्याच हाताला तीनदा राख लावली.

मी सरळ विचारलं. "आत्याबाई, पोलकं म्हणजे तुम्हाला काय हवंय?"

"पोलकं म्हणजे पोलकं. तू नाही का शिवत? लांब बाह्यांचं, पोट झाकणारं."

"यांना वाटलं तुम्ही मुलगी लहान आहे म्हणताय."

"लहान?" आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "लहान असती तर ठरवलं असतं का मी? मला घरात काम करणारी सून हवी, खेळायला बाहुली नकोय!"

आक्का उसळली. "मग चोळी का नको? आमच्यात काय बायका उगड्या हिंडत्यात?"

"कोण म्हणतं उघड्या?"

"तुमीच म्हनलात, पोट झाकनारं!"

मी मध्ये पडून म्हटलं, "लग्नात चोळी घालू दे. चार दिवसांनी पोलकं घालील. यात भांडण कशाचं?"

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी जे अंगात असेल तेच राहतं. मला माहीत आहे."

मोरीतून मुलगा म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना. झंपर, पोलकं, काय फरक पडतो? आमच्या शेडात जंपर म्हणजे दोन डब्यांमधली तार."

"तू तुझ्या तारा धू," आत्याबाई म्हणाल्या. मग त्या उठल्या, आतल्या ट्रंकेतून काहीतरी घेऊन आल्या आणि आक्काच्या पुढ्यात ठेवलं. पोलकं होतं. फिकट तपकिरी, जाड उबदार फलालीनीचं, लांब बाह्यांचं. घडीच्या रेषा इतक्या पक्क्या बसल्या होत्या की एकदाही अंगात गेलेलं नव्हतं हे मला लांबूनच कळलं.

"ह्याच्या आईचं," त्या म्हणाल्या. "तीही मावळातलीच. चोळीत आली. पहिल्या पावसात खोकायला लागली. इथला पाऊस तुमच्याकडच्यासारखा नाही बाई, इथं महिना महिना कपडा वाळत नाही, भिंतीला पाणी सुटतं. मी हे शिवून आणलं. रोज म्हणायची मी, वहिनी घाला. ती हसायची. म्हणायची, सासरी चोळीत आले, आता पोराची आई होऊन पोरीसारखं पोलकं घालू? नळावरच्या बायका काय म्हणतील? तिच्या गावाकडच्या दोघी होत्या नळावर. त्यांची लाज. तिसऱ्या पावसाळ्यात गेली. हे तसंच राहिलं."

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. मुलाला हे ठाऊक नसावं, निदान इतकं नसावं.

आक्कानं ते पोलकं हातात घेतलं, बाही उलटी करून आतली शिवण बघितली, मग नीट घडी घालून परत दिलं. "मला ह्ये कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "पर माझ्या भावाचं काय करू? त्यो आला न्हाई तर लगीन लागंल, पर त्यो पुन्हा माझ्या दारात यायचा न्हाई. माझ्याकडनं ऐकलं तर आर्ध्यातनं उठून जाईल. लय तापट हाय."

तेव्हा चौकटीतून आवाज आला. "मला खिसा पायजे."

आम्ही सगळेच वळलो.

"पोलक्याला आतनं खिसा असतो न्हवं," मुलगी म्हणाली. "हितं नळाला जायचं, दुकानाला जायचं, किल्ली ठेवायची कुटं? चोळीला खिसा नसतो. चोळी करा न्हाईतर पोलकं करा, पर खिसा करा."

आक्का तिला "गप ग" म्हणाली. आत्याबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते बघून मला वाटलं, हिचं आणि आत्याबाईंचं जमेल.

आक्का आणि मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. खण माझ्याकडे ठेवला. मी आक्काला सांगितलं, भावाला तुम्ही काही बोलू नका, मी सकाळी येते.

आता अडचण माझी होती. खणात पोलकं होत नाही. खण एका चोळीपुरता असतो. त्यात लांब बाह्या आणि कमरेपर्यंतची उंची कुठून काढणार? आणि खणाचा तुकडा जरी उरला किंवा वाया गेला, तरी मामा तो मोजणार हे मला माहीत होतं. मी पहिल्यांदा फक्त चोळी बेतली. नेहमीसारखी, काठ बाहीवर आणणारी, पुढं गाठीची दोन टोकं सोडलेली. कातरी चालवायच्या आधी मी तीन वेळा माप घेतलं. मला नवस-सायास येत नाहीत, माप येतं. चोळी पूर्ण झाली, तेव्हा खणाची एक चिंधीही उरली नाही. मग तिच्या खालच्या कडेला कमरेपर्यंत जाईल इतकी हिरवी फलालीन जोडली. ती माझ्याकडे स्टेशनातल्या एका मडमेची मुलं सांभाळणाऱ्या आयेच्या कपड्यातली शिल्लक होती. काठाच्या खाली बाह्याही त्याच फलालीनीच्या वाढवल्या, मनगटापर्यंत. गाठ तशीच ठेवली, खरी, मारता-सोडता येणारी. गाठीच्या खाली बटणं, आणि डाव्या बाजूला आतून खिसा. आमच्या ह्यांनी तो कपडा दिव्यापाशी धरून बघितला आणि विचारलं, "याला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "तुम्ही काहीही म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तळेगावला उतरले आणि वराळ्याला चालत गेले. मांडव घालणं चालू होतं. आक्काचा भाऊ वर आडव्या वाशावर बसून सुंभानं आंब्याच्या डहाळ्या बांधत होता. सडसडीत, डोक्याला फडकं, मिशा पांढऱ्या. खाली त्याची बायको सुंभाचे तुकडे करून वर देत होती. आक्का मला बघून घरात गेली आणि दाराआडून ऐकत राहिली. तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणून मला कळलं.

मी म्हटलं, "भाऊ, मी लोणावळ्याची शिवणारी. तुमची चोळी आणलीय. खाली या."

"पोलकं आनलं आसंल तर वरच बरा हाय मी."

"वरून दिसत नाही. खाली या."

तो आला, पण उडी मारून, म्हणजे रागानं. मी कपडा त्याच्या हातात दिला. त्यानं आधी खण बघितला. बोटानं काठ चाचपला, दोन्ही बाह्यांवर तो सारखा आला आहे का ते बघितलं.

"खन सगळा हाय न्हवं?"

"सगळा. चिंधीसुद्धा उरली नाही."

मग त्यानं गाठीची टोकं धरून गाठ मारली आणि ओढून बघितली. मग फलालीन धरली. "आन् ह्ये काय?"

मी त्याला आत्याबाईंच्या ट्रंकेतलं पोलकं सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं, जास्त नाही, कमी नाही. त्या मुलाची आई कुठल्या गावची होती तेही सांगितलं. ते गाव त्याला माहीत होतं.

"ह्याला त्या तितं काय म्हननार?" त्यानं विचारलं.

"पोलकं."

"आन् आमी?"

"तुम्ही आणलंत. तुम्ही म्हणाल ते."

त्यानं फलालीनीची बाही पुन्हा एकदा ओढून बघितली. "माझ्या बैलाला झूल घातली," तो म्हणाला, "म्हनून काय त्यो हत्ती व्हतो? चोळीच हाय ही." आणि कपडा बायकोच्या हातात देऊन पुन्हा वाशावर चढला. वरून ओरडला, "आक्के, दाराआड काय हुबी ऱ्हायलीस? सुंभ संपलं, सुंभ आन!"

त्याची बायको मात्र कपडा घेऊन तिथंच उभी राहिली. तिनं आतला खिसा शोधून काढला, त्यात हात घालून बघितला, आणि वर नवऱ्याकडं एक नजर टाकून माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, मला बी एक. थंडीत रानात जावं लागतं पहाटं. पर ह्यांच्याम्होरं चोळीच म्हना."

मी पिशवीतून टेप काढली, मांडवाच्या खांबाला तिला पाठ लावून उभी केली, आणि तिथल्या तिथं माप घेतलं.